तोकुजीच्या पट्ट्यावरच्या खोट्या गाठी

मी ओगुची इशी, वय त्र्याहत्तर, राहणार ओकाया, सुवा तळ्याच्या काठी. डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी हात धरून लिहून घेत नाही. अक्षरं रेशमाच्या गिरणीत खोक्यांवरचे शिक्के वाचून शिकले, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. परवा टोकियोला नात मित्सुएला मुलगा झाला. मी पणजी झाले. सकाळपासून तीनदा शेजारी सांगून आले. असा आनंदाचा दिवस परत यायचा नाही, म्हणून मृत्युपत्र आजच लिहिते.

घर आणि मागची तुतीची झाडं सून शिगेला. रेशीम काढायचा रहाट मित्सुएला. ती वापरणार नाही, तरी न्यावा. लोणच्याच्या पिंपावरचा दगड शेजारच्या तोमेबाईंना. वीस वर्षं म्हणतायत, "इशीबाई, तो आमचाच." त्यांचा नाही. तरी द्यावा.

आता खरं कलम. रशियाशी लढाई लागली तेव्हा गिरणीचा मालक सांगायचा, "पोरींनो, तुमच्या सुताच्या बदल्यात देशाला बोटी मिळतात." तसल्याच एका बोटीतून माझा एकुलता मुलगा तोकुजी मांचुरियाला निघाला. शिपायाच्या पोटाला बांधायच्या पट्ट्यावर हजार गाठी लागतात, एका बाईची एक. फक्त वाघाच्या वर्षी जन्मलेलीनं वयाइतक्या घालायच्या, कारण वाघ लांब जाऊनही परततो. एक्कावन्न गाठी कमी पडल्या, आणि गाडी दुसऱ्या दिवशी. शिगेला सातवा महिना, तरी ती बर्फातून पलीकडच्या गावी निघाली.

मी म्हटलं, "बस खाली. मी वाघाची, एक्कावन्न वर्षांची."

ती हसली. "मग आई, इतके दिवस मला बायकांकडून गाठी घ्यायला स्टेशनवर कशाला उभं केलंत?"

मी वाघानंतरच्या, सशाच्या वर्षाची. माझा हक्क एका गाठीचा.

तोकुजी गेल्याची तार आली तेव्हा शिगे म्हणाली, "माझीच मोजणी चुकली." मी तिला खरं सांगितलं नाही. उलट खोटं उघडं पडू नये म्हणून रिवाजाची लाल टोपी घालून साठीसुद्धा वर्षभर आधी, वाघाच्या वर्षी करून घेतली. ती बावीस वर्षं प्रत्येक टाका दोनदा मोजते. मित्सुए बाळासाठी बोलावते, तर म्हणते, "त्यांच्या नावाच्या पूजेतल्या फळीसमोरून मला उठता येत नाही."

शिगे, तू बरोबर मोजलं होतंस. खोट्या गाठी माझ्या. फळी देवळात द्यावी आणि तू टोकियोला जावंस.

हे मी मेल्यावर वाचायचं ठरलं होतं. पण साक्षीला आलेले देवळाचे भिक्षू म्हणाले, "तोवर तिनं आणखी किती मोजायचं, इशीबाई?" म्हणून तिला बोलावून आत्ताच वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "ते गाव दोनच कोसांवर होतं, आई. मी गेले असते."

दुपारी तिनं ट्रंक काढली. माझ्याशी अजून बोललेली नाही. वरचं सगळं कायम ठेवून मी शिक्का मारते.

ओगुची इशी (शिक्का)
साक्षीदार: भिक्षू एन्काई, हायाशी कुमेकिची, निवृत्त पोस्टमन
ओकाया, शोवा राजवटीचं दुसरं वर्ष, एप्रिलची अठरा