वीस सुपाऱ्यांचं वजन

४ जानेवारी
डावा हात दसऱ्याला गेला. उजवा आहे. तीनशे पानांचं पुस्तक त्यात पाच मिनिटं राहतं, मग छातीवर पडतं. अलिबागच्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं – हा आजार मागे फिरत नाही.
पुस्तकं वाचायचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

५ जानेवारी
"यंत्र कशाला? मी आहे ना वाचून दाखवायला." – केसर.
महिनाभर तीच वाचते. आवाज चांगला आहे. पण काल कादंबरीतला म्हातारा खोकत होता, आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या सुनेचं बाळंतपण! मधली पानं मला पाठ आहेत. कॉलेजात तीस वर्षं शिकवलीत. म्हातारा तिथे मरतो.
बायकोने गाळलेलं मरण परत कसं मागायचं?

८ जानेवारी
श्रीवर्धनहून मितेश आला. माझा विद्यार्थी; आता मोबाइलचं दुकान आहे. फोनवर दोन यंत्रं दाखवली. एक १५८ ग्रॅमचं, पान उलटायला काचेवर अंगठा फिरवायचा. दुसरं १९५ ग्रॅम, पण कडेला बटण.
"सर, मी म्हणतो टॅबच घ्या. मॅचपण बघाल."
वर्गातही हा खिडकीबाहेरच बघायचा.
हलकं घेतलं तर अंगठा उचलावा लागेल. बटणाचं घेतलं तर मनगट.

९ जानेवारी
आमच्या वाडीतली सोललेली सुपारी सुमारे आठ ग्रॅम भरते. वीस म्हणजे हलकं यंत्र. चोवीस म्हणजे बटणाचं. फडक्यात बांधून हातात धरल्या. चोवीस – सहा मिनिटं. वीस – अकरा.
सुपाऱ्या काढणारा नामा झाडावरून उतरून बघत होता. "मास्तर, सुपाऱ्या घेऊन लगीन ठरवाय निघालाव काय? काकूंना तरी इचारलाव?"
हसलो. पोटली पडली.

१७ जानेवारी
चोवीस उचलत नाहीत. बटणाचं बाद.
दोन आठवडे मी निवड करत होतो असं वाटत होतं.

१८ जानेवारी
हलकं मागवलं. दिवेआगरला पोचायला आठ-नऊ दिवस. "आधी बोलला असतात तर, सर..." – मितेश.

२२ जानेवारी
वीस – दोन मिनिटं.
केसरने आज अख्खं प्रकरण उडवलं. उरलेल्या पुस्तकात कोणी मरत नाही, कोणी कोणाला सोडून जात नाही. सगळे जेवतात आणि झोपतात. तेही ती छान वाचते.

२४ जानेवारी
वीस नाहीत. बारा.
मितेश फोनवर म्हणाला, उशीला टेकवा, धरायचं कशाला? खरं आहे. अंगठा तेवढा पुरे. एका अंगठ्याने म्हातारा मरेपर्यंत वाचता येईल.

२५ जानेवारी
पेन निसटतं. या चार ओळींना अर्धा तास.
"रोजनिशीपण सांगा, मी लिहीन," केसर म्हणाली.
नको म्हणालो. का, ते सांगितलं नाही.

२७ जानेवारी
मी केसर. हे सांगतात, मी लिहिते. यंत्र आलं. अक्षर मोठं दिसतं. उशीला टेकवलं आहे. पान मी उलटते. हात बरा आहे.
पुढचं यांनी सांगितलं, ते लिहिलं नाही.