रिकामं पोट

धाकट्या,

फोनवर सहज म्हणालास, "ताई, डॉक्टर बदल." अरे, हा तिसरा. गोळी दुप्पट झाली, घशातून नळी घालून पाहिलं, तरी छातीतली आग तशीच. काल यानेही विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी घेता ना? नंतर अर्धा तास काही खात नाही ना?" मी ठणकावून सांगितलं, "हो, काहीच खात नाही."

खोटं बोलले. माझं पोट रिकामं असतंच कुठे? वर्ष झालं, आईला वाटतं मी तिच्या जेवणात विष घालते. ताट पुढे केलं की म्हणते, "आधी तू खा, बाई." पोटच्या पोरीला बाई म्हणते. मी घास खाऊन दाखवते, मग ती जेवते. दिवसातून दहादा मागते. दुपारी मी जरा आडवी झाले की दूध मागते, त्याचाही घोट आधी माझा. तिचं पोट भरतं, माझं जळतं.

तू दोन दिवस आलास, तर तुझ्या हातून मुकाट जेवली. वर तू म्हणालास, "किती शहाण्यासारखी जेवते गं!" ताट तुझ्या डोक्यात घालावंसं वाटलं.

हे कळलं तर तू म्हणशील, "वृद्धाश्रमात ठेवू या." तू म्हणशील याची भीती नाही रे. मी लगेच हो म्हणेन, याची आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

हाक आली बघ. आत्ताच गोळी गिळलीय. जाते घास खायला.

तुझी ताई