डॅशबोर्डवरची माय

३१ मार्च, सोमवार — ४८ कि.मी.

गाडी आली! काल पाडव्याला नंदुरबारहून घेऊन आलो. शोरूममधून निघताना आकडा सहा होता. चालवली मीच. दोधू शेजारी बसला होता. लहानपणापासूनचा मित्र, आणि वीस वर्षं तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप नेणारा माणूस. प्रकाशा गावचा तापीवरचा पूल येईपर्यंत त्याचं एकच — "पाय उचल ना उमाभाऊ! क्लचवर काय झोपी गया का?" खरंच होतं. डावा पाय आपोआप तिथेच जाऊन बसतो.

मुलाचा, धीरजचा, सुरतहून फोन. "अण्णा, पहिले हजार किलोमीटर जपा. ऐंशीच्या वर जाऊ नका, खूप वेळ एकाच वेगाने चालवू नका, ओझं भरू नका." गाडीचा हट्ट त्याचाच. पण घेतली ती बायकोसाठी, मीनासाठी. तिची आई — रुखमाबाई — चिंचपाड्याला एकटी राहते. सासरे रेल्वेत गँगमन होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या दिवाळीत आई ओट्यावरून पडल्या, मनगट मोडलं. निरोप संध्याकाळी आला आणि आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. दोन बस, एक रिक्षा. मला ती वाट अजून आठवते.

इकडे राहायला या म्हणून किती वेळा सांगितलं! "जावायना घर ऱ्हाऊ का मी?" ठरलेलं उत्तर.

२ एप्रिल — ५७ कि.मी.

बॉनेटवरचं हळदकुंकवाचं स्वस्तिक ओल्या कापडाने पुसलं, तरी पिवळा डाग राहिलाच. तेल लावून काढायचं नसतं म्हणे. पूजेच्या दिवशीच पाण्याने धुवायला हवं होतं. देव काही रंगात अडकलेला नाही.

गिरणीच्या दारात गाडी लावायची नाही, असं ठरवलं. पिठाची धूळ काचेवर बसते, आणि कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात. आधी पाणी, मग फडकं. गिरणीचं यंत्र सत्तावीस वर्षं सांभाळतोय, तरी नव्या यंत्राची सवय नव्याने करावी लागते.

३ एप्रिल

धीरजने गाडीचं पुस्तक हिंदीत छापून सुरतेच्या ट्रॅव्हल्सने पाठवलं. दोनशे ऐंशी पानं! रोज सकाळी पूजा झाली की एक-दोन पानं वाचायची. दोधू म्हणाला, "तू गाडी चालावस का पोथी वाचस?" म्हटलं, पोथी वाचणारा निदान चुकत असेल तर त्याला कळतं.

६ एप्रिल, रामनवमी — २३८ कि.मी.

पहिल्यांदा लांब गेलो, चिंचपाड्याला. नंदुरबारजवळ वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, मीनाला ठसका लागला. बाहेरची हवा बंद करायचं बटण कुठलं ते मला आठवेना, म्हणून मीही खोकत होतो. दोघे हसत, शिंकत पुढे गेलो. दोन तास लागले. दोनच तास!

रुखमाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग आत गेल्या आणि देव्हाऱ्यातली पितळेची सप्तशृंगी पदरात घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या सासूच्या सासूपासूनची. मीनाच्या हातात दिली. "हाई माय पुढे बसाड. ती पुढे बठी ते माले घोर नही."

मीना घरी पोचेपर्यंत देवी मांडीवर धरून होती.

७ एप्रिल

सकाळी मीनाने मोबाईलच्या दुकानातून दोन्हीकडून चिकटणारा टेप आणला आणि देवी तिच्या सीटसमोर, बरोबर मध्यभागी बसवली. फूल वाहिलं. छान दिसत होती. मी हात जोडले.

१० एप्रिल

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. मी भर दुपारी मोजत होतो. अंगणात चव्वेचाळीस अंश!

१२ एप्रिल, शनिवार, पौर्णिमा — ३०१ कि.मी.

पान ४१.

शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या झाकणाखाली एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवी, असते. टक्कर झाली की ती झाकण फोडून बाहेर येते — पापणी लवायच्या आत. झाकणावर काहीही ठेवू नका, काहीही चिकटवू नका. ठेवलेली वस्तू बसलेल्या माणसाच्या तोंडावर फेकली जाईल.

तीनदा वाचलं. मग गाडीत जाऊन बसलो. झाकणाची बारीक रेघ दिसली. त्या रेघेच्या आत, बरोबर मधोमध, माय.

१३ एप्रिल

दोधूला पान दाखवलं. तो म्हणे, "वीस मानसं भरी तोरणमाळना घाट चढेल शे मी. पट्टा कसाना नि पिशवी कसानी! देवी काय मारी तुले?"

"मला नाही. मीनाला."

तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "पन भाऊ, मायले हात लावू नको. तुन्ही सासू जित्ती शे."

दुपारी गिरणीवर गिऱ्हाईक नव्हतं. त्याच बनावटीची, तेवढीच एक मूर्ती आमच्या देव्हाऱ्यात आहे. ती तराजूवर ठेवली. सहाशे चाळीस ग्रॅम. देवीला वजनात तोलतोय म्हणून आधी माफी मागितली. एवढं पितळ, पापणी लवायच्या आत, तोंडावर. देवीच्याच हातून मीनाला इजा व्हावी, असं रुखमाबाईंना तरी चालेल का?

१४ एप्रिल

मीनाला सांगितलं. पान वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"माय मारी माले?"

"माय नाही मारणार. पिशवी फेकेल तिला."

"मंग पिशवी काढी टाका."

याचं उत्तर सुचलं तोवर भाकरी झाल्या होत्या.

१५ एप्रिल

दुसरी जागा शोधतोय. आरशाला टांगली तर समोरचं दिसणार नाही. मागच्या काचेपाशी ठेवली तर ब्रेक लागला की डोक्यावर येईल. समोरच्या कप्प्यात ठेवली तर — गाडीच्या कागदांसोबत आणि टॉर्चसोबत मायला कोंडायचं? मीनाला म्हटलं, कागदाचा छोटा फोटो लावू. ती म्हणाली, "फोटो मन्ही मायनी दिधा का?"

तिचं दुःख मला कळतंय. आई विचारेल, माय पुढे बसली आहे ना? तेव्हा खोटं बोलायचं, की खरं सांगून म्हातारीची झोप घालवायची — हे तिच्या वाट्याला येणार. पण मी तिला त्या सीटवर बसवून ऐंशी किलोमीटर कसा नेऊ? रोज नमस्कार करताना मला तीच रेघ दिसते.

१७ एप्रिल, गुरुवार — ३२२ कि.मी.

मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, म्हणून ते टाळून आजचा दिवस धरला. अंघोळ करून, अनवाणी गेलो. टेप घट्ट बसला होता. ओढला असता तर झाकणच उखडलं असतं. शेवटी पोती शिवायचा दोरा घेतला, मूर्तीच्या मागून घातला आणि करवतीसारखा हळूहळू दोन्हीकडे ओढत राहिलो. ओढताना नाव घेत होतो. अर्धा तास लागला. माय हातात आली तेव्हा तिचा पाय कोमट होता, उन्हामुळे.

घरच्या देव्हाऱ्यात, आमच्या देवीच्या उजवीकडे पाट मांडून बसवली. दिवा लावला.

मीना दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. म्हणाली, "देव पुढे नही ते मी बी पुढे नही." आणि मागच्या दाराने निघून गेली.

१८ एप्रिल

झाकणावर टेपचा चौकोन राहिला आहे. साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसला. पुस्तकात रॉकेल, पेट्रोल लावू नका असं आहे.

२१ एप्रिल

मीना शहाद्याच्या बाजाराला पायी फाट्यावर गेली आणि तिथून बसने. मी गाडी काढून उभा होतो. "मागे बस," म्हणालो. "गाडी तुमनी शे. तुम्ही बठा." परतताना दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्या मात्र माझ्याकडे दिल्या.

२३ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली. आखाजीला लेकीने माहेरी जायचं. मीनाच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी एकही आखाजी चुकलेली नाही. या वर्षी म्हणते, "यस्टीमा जासू." बरं, जा. पण बेचाळीस-चव्वेचाळीस अंशात, दोन बस बदलून? यासाठीच गाडी घेतली होती.

धीरजला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही बरोबर आहात." थोडा थांबून म्हणाला, "पण आईला तसं सांगू नका."

२९ एप्रिल, मंगळवार — ४४८ कि.मी.

काय दिवस गेला!

सकाळी सातच्या बसमध्ये मीना फाट्यावर चढली आणि शेवटच्या सीटवर बसली. मी तिच्या मागोमाग गाडी काढली. ठरवलं काही नव्हतं. पाय चालला तसा गेलो. पूर्ण वाट बसच्या मागे. बस थांबली की मी थांबायचो, बस सुटली की मी सुटायचो. मध्ये दोन गाड्यांचं अंतर ठेवलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. वेगही सतत बदलत राहिला. हजार किलोमीटरच्या आत हवा होता तसाच! मागच्या काचेतून मीनाचा अंबाडा दिसायचा. प्रकाशाच्या पुलावर एकदा तिने वळून पाहिलं. तापीला नमस्कार केला की मला पाहिलं, कळलं नाही.

नंदुरबारच्या स्टँडवर तिला दुसरी बस धरायची होती. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. तिने बाटली घेतली, अर्धी प्यायली. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली — "गाडी कोठे लाई?"

"रसवंतीपाशी."

"सावलीमा लाई ना?"

"हो."

"मंग ठीक." आणि बसमध्ये चढली.

चिंचपाड्याला रुखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. रिक्षातून लेक उतरली, मागे गाडीतून जावई! "एक मोटरमा, एक रिक्षामा! काय व्हयनं रे बाप्पा, वाटनी करी लिधी का?" मीनाने सांगितलं की बसचा कंडक्टर म्हणत होता, ताई, ही पांढरी गाडी शहाद्यापासून मागे लागलीय, पोलिसांना कळवू का? "मी म्हनी, तो मन्हा घरवाला शे. तो म्हने, मंग ते जास्तच विचारायला पाहिजे!" शेजारणी इतक्या हसल्या की मलाही हसू आलं.

मग रुखमाबाई काचेतून आत डोकावल्या. "माय कोठे शे?"

मीना माझ्याकडे पाहून म्हणाली, "सांगा आते."

सांगितलं. पान ४१ सोबत होतं, तेही वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "माले ते काय समजनं नही. माय आते कोठे शे, एवढं सांगा."

"घरी. आमच्या देव्हाऱ्यात. सकाळ-संध्याकाळ दिवा लावतो."

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मीना हळूच म्हणाली, "व्हयनं तुमनं समाधान?"

३० एप्रिल, आखाजी

आमरस, पुरणपोळी. रुखमाबाईंनी आग्रह करून वाढलं. पावसापाण्याचं बोलल्या, धीरजच्या लग्नाचं बोलल्या. मायबद्दल एक अक्षर नाही.

पाणी प्यायला आत गेलो तेव्हा त्यांचा देव्हारा दिसला. मधला पाट रिकामा. त्या रिकाम्या पाटावर ताजं जास्वंद. म्हणजे देवी दिल्यापासून रोज तिथे फूल वाहतात.

मी मीनाच्या जिवासाठी केलं, आणि ते खोटं नव्हतं. पण म्हातारीने आपल्या घरातली सर्वांत जुनी वस्तू लेकीच्या जिवासाठीच उचलून दिली होती. दोघांची भीती एकच. माझ्या हातात छापील पान होतं, तिच्या हातात नव्हतं, एवढाच फरक.

बाहेर मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी गाडीच्या काचा खाली करून ठेवल्या. उन्हात आत फार तापतं.

१ मे — ५३१ कि.मी.

एकटा परतलो. मीना आठवडाभर राहील. निघताना रुखमाबाईंना नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मीनाने खिडकीतून डब्यात पुरणपोळ्या दिल्या. "सावकाश जा."

संध्याकाळी दोन्ही देवींना दिवा लावला.

२ मे

गिरणी. जात्याचे गुळगुळीत झालेले दगड टाकवले, छिन्नीने नव्या खाचा पाडल्या.

३ मे, शनिवार — ५३९ कि.मी.

सकाळी मीनाचा फोन. म्हणाली, आई कालपासून आवराआवर करते आहे. तुळस शेजारणीला दिली. कोंबड्या दिल्या. दोन पिशव्या भरून दाराशी ठेवल्यात. विचारलं तर बोलत नाही. तुम्हीच बोला.

रुखमाबाईंनी फोन घेतला.

"मायनी तुमना घर आपली जागा करी लिधी, जावाई. आते मन्ही करा."