चांदी फक्त मधल्या चकतीत

रीनो, रविवार

लाडक्या मायालेनला ताईचा पापा,

तू पाठवलेलं सॉसेज पोचलं. दादाने चवीने खाल्लं. खोकलाही कमी आहे. तुझ्या मेंढ्या कशा आहेत?

दादाच्या चांदीच्या टोकनांचं विचारलंस. कॅसिनोच्या यंत्रातून जिंकलेली ती टोकनं विकून त्याला तुझ्या घरामागे स्वतःची खोली बांधायची होती. तो कॅसिनो कधीच बंद पडला, म्हणून आता धातूचीच किंमत. ती त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोकनं तोलून काढली होती.

काल आम्ही जुनी नाणी घेणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्याने एक टोकन उलटसुलट केलं आणि हसला.

"बाबा, अख्खं तोललंत होय? कड पितळेची आहे. चांदी फक्त मधल्या चकतीत. आणि या नव्यांवर तर नुसता मुलामा."

"म्हणजे एवढी वर्षं मी पितळ जिंकत होतो?" दादाही हसला. पण घरी आल्यावर काटा त्याने फडताळात पार मागे ढकलून ठेवला.

आज प्रार्थनेला आला नाही. "पाय मोकळे करून येतो," म्हणाला. अंगात मात्र जुगार खेळायला जाताना घालायचा तो करडा कोट होता.

फुकट राहायला तो तुझ्याकडे येणार नाही. तू त्याला लिही, की मेंढ्यांचं तुला एकटीला झेपत नाही. खोटं लिहितेयस असं मनात आणू नकोस. गेल्या पत्रात तुझं अक्षर किती थरथरलंय, ते मी पाहिलंय.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी ग्रासियाना