तिथे कोण कुणाचं

धुळे,
ता. १२ जानेवारी १९६९

चि. एस्तेर हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तू पाठवलेली असोद्याची वांगी पोहोचली. भरीत केलं, पण एकट्याच्या घरात भरीत फार उरतं. निम्मं भिकूबाईंकडे नेऊन दिलं, आणि आज लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

भिकूबाई तुला आठवतील. तुझी सगुणावहिनी शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिथे नर्स होत्या. आता निवृत्त आहेत. त्यांचे यजमान चुडामण मास्तर, आपल्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवायचे ते, जाऊन नऊ वर्षं झाली. कबरस्तानात सगुणा आणि मास्तर यांच्यामध्ये दोनच ओळी आहेत. दर शनिवारी आम्ही दोघे तिथे जातो. बादली त्यांची, झारी माझी. झाडलोट झाली की भिंतीला टेकून बसतो आणि मुलांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारतो.

दिवाळीनंतर मी त्यांना विचारलं, उरलेले दिवस एका घरात काढू या का. उत्तर द्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले. मग अट घातली, की सगुणाची तसबीर भिंतीवरून हलवायची नाही आणि शेजारी मास्तरांची लावायची. पेटीच्या सुरावरून त्या दोघांचं जन्मात पटलं नाही, आता एका भिंतीवर काय करतील कोण जाणे!

ईस्टर झाल्यावर लगेचच्या सोमवारी लग्न आहे. नाशिकहून लेकीचं पत्र आलं, तिला आनंद आहे. दूधवाल्या लताबाई तर म्हणाल्या, बठ्ठा गावले माहीत शे, म्हणजे सगळ्या गावाला कळलंय. सदुसष्टाव्या वर्षी नवरदेव होतोय, थट्टा कर हवी तेवढी, पण ये. तुझ्याशिवाय माझ्या बाजूने उभं राहायला कोण आहे?

तुझ्यावरची माया वयाबरोबर वाढवत बसलेला,
तुझा भाऊ
शांतवन


जळगाव,
ता. २० जानेवारी १९६९

ती. भाऊस,
एस्तेरचा सलाम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभ्यानेच वाचलं, कारण बसवेना.

पुनरुत्थानाच्या दिवशी सगुणावहिनी उठेल तेव्हा तू कुणाचा हात धरशील? एकाच बाईशी एकामागून एक लग्न केलेल्या सात भावांची गोष्ट तूच रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवायचास. प्रभूला लोकांनी विचारलं होतं, की तिथे ती कुणाची बायको. आता तोच प्रश्न मी तुला विचारते.

आणि दुसरंही विचारते. दानियेल गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची, पदरात दोन वर्षांचा प्रकाश. तीन वर्षांनी शालिग्राम कंपाउंडरांनी मागणी घातली. तू मुद्दाम धुळ्याहून आलास, ओसरीवर बसलास आणि मला म्हणालास, की दानियेल तिथे दाराशी तुझी वाट पाहत उभे आहेत, त्यांना काय तोंड दाखवशील. मी शालिग्रामांना नाही म्हणून कळवलं. तुझ्या त्या एका वाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं काढली, भाऊ. ताप आला, प्रकाशची फी भरायची राहिली, पाय मोडला, प्रत्येक वेळी तेच वाक्य आठवलं. ते फक्त बायकांसाठी होतं का?

मी लग्नाला येणार नाही. लोभ आहे, तो कुठे जायचा. पण आज तो मागू नकोस.

एस्तेर


धुळे,
ता. २ फेब्रुवारी १९६९

चि. एस्तेर हीस,
अनेक आशीर्वाद.

दहा दिवस लिहायला बसतो आणि उठतो.

ते वाक्य शास्त्रातलं नव्हतं. प्रभूने त्या लोकांना उत्तर दिलं होतं, की तिथे लग्न करत नाहीत आणि करूनही देत नाहीत. ते उत्तर मला तेव्हाही पाठ होतं. मी तुला प्रश्न तेवढा दिला, उत्तर दिलं नाही.

खरं कारण सांगतो. मी तेव्हा मिशनच्या शाळेत नोकरीला नवा होतो. विधवा बहिणीने पुन्हा लग्न केलं तर मंडळीतले वडीलधारे काय म्हणतील याची मला धास्ती वाटली. भीती माझी होती, आणि दाराशी उभं केलं दानियेलना. देवाने जी आशा आपल्याला धीर यावा म्हणून दिली, तिची मी तुला शिक्षा केली. एस्तू, मला क्षमा कर. फार उशीर झाला हे मला कळतं.

सगुणा तिथे भेटेल यावर माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. मला पाहून ती हसेल आणि आधी माझ्या सदऱ्याची बटणं नीट लावेल. भिकूबाईंनाही जवळ बसवून घेईल. वाटून घेतल्याने जिथे माया कमी पडते तो स्वर्ग कसला?

लग्न थांबवलं आहे. चर्चच्या पाळकसाहेबांना तसं कळवलं. तू नको म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
भाऊ


धुळे,
ता. १९ फेब्रुवारी १९६९

प्रिय एस्तेरबाई यांस,
भिकूबाईचा सलाम वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहिते. तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. निम्म्यावर कागद माझ्या हाती दिला, उरलेलं मी वाचलं.

तुम्हाला वाटेल, सगुणाबाईंनी मरताना माझ्याजवळ काही सांगितलं असेल. मंडळीतल्या दोघीतिघींनी तसं विचारलंही. खोटं कशाला बोलू? त्यांनी काही सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी लिंबाचं लोणचं मागितलं, ते मी डॉक्टरांना चुकवून दिलं, आणि माझा हात धरून त्या झोपल्या.

चाळीस वर्षांत मी पुष्कळांना जाताना पाहिलं. तिथे कोण कुणाचं, असं एकानेही मला विचारलं नाही. सगळ्यांना धरायला हात हवा असायचा. प्रभूने त्यांचा हात पलीकडून धरला असेल असं मी मानते; अलीकडून तेवढा वेळ माझा होता. तुमच्या भावाचं आणि माझं तेवढंच मागणं आहे. अलीकडचा हात.

तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही नाही म्हटलंत तर मला राग येणार नाही, मी शनिवारी झारी भरत जाईन. पण एकदा येऊन चहा घेऊन जा. लग्न असो नसो.

तुमच्या ओळखीची आस धरलेली,
भिकूबाई


जळगाव,
ता. १ मार्च १९६९

ती. भाऊस,
सलाम वि. वि.

कार्डावर जागा थोडी. तारीख बदलू नकोस. ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या एस्टीने येते. भिकूबाईंना सांग, माझ्या चहात साखर कमी.

एस्तेर


जळगाव,
ता. २४ एप्रिल १९६९

ती. भाऊ आणि प्रिय भिकूवहिनी यांस,
एस्तेरचा प्रेमाचा सलाम वि. वि.

सुखरूप पोहोचले. एरंडोलला एस्टी पंक्चर झाली, तेवढ्यात वहिनींनी दिलेले लाडू अर्धे संपले. शेजारी बसलेल्या बाईंनाही तुमच्या लग्नाचे म्हणून दिले. नवरदेवाचं वय विचारल्यावर त्यांनी आणखी एक मागून घेतला.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात सगळे मेणबत्त्या लावत होते तेव्हा भिकूवहिनींनी माझा हात धरला. मी सगुणावहिनीला मनात म्हटलं, की उद्या तुझ्या नवऱ्याच्या बाजूने मी तुझ्या वतीनेही उभी राहीन. उजाडलं तेव्हा मला मोकळं वाटलं.

भाऊ, तू मागितलेली क्षमा मी दिली. थोडी राखून ठेवली आहे. म्हातारपणी भांडायला काही हवं. पण एक कबूल करते. परतीच्या वाटेवर शालिग्रामांना आठवून पाहिलं. माणूस सज्जन होता, पण त्यांच्याबरोबर संसार करावा असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. मला प्रकाशला घेऊन माझ्याच घरात राहायचं होतं. ते ‘नाही’ माझंच होतं, भाऊ. मी त्यावर तुझं वाक्य पांघरलं आणि इतकी वर्षं तुझ्यावर आणि दानियेलवर भार टाकला. आता ती वर्षं मला माझी वाटतात, आणि वाईट गेली असंही वाटत नाही.

परवा मला साठ पूर्ण झाली. सूनबाईने शेवयांची खीर केली. आजवर दर वाढदिवसाला माझी एकच प्रार्थना असायची, की प्रभू, एक वर्ष सरलं, दानियेलच्या तेवढी जवळ आले, आभार. यंदा गुडघे टेकवेनात म्हणून खाटेवरच बसले, डोळे मिटले आणि तोंडून निघून गेलं, प्रभू, जमलं तर आणखी दहा दे. मीच दचकले. मग हसू आलं. दानियेल रागावणार नाहीत. तिथे त्यांना वेळेची काय कमी?

तुम्हा दोघांच्या मायेवर हक्क सांगणारी,
एस्तेर