जांभळीखालचा कोपरा

अहेरी,
रविवार, ता. २१ एप्रिल १९५७

तीर्थरूप घनश्यामभाऊस,

गोकुळाचा नमस्कार. प्रेमिलावहिनीला नमस्कार आणि सुकरीला पापा. तिला आता दात आले असतील. खाणीवर पाणी गोड मिळतं का, की अजून ते लाल पाणीच प्यावं लागतं?

घरी आंबेझरीला बाबांचा खोकला कमी आहे. आईनं यंदा मोहफुलं पुष्कळ वेचली, अंगणभर वाळत घातली आहेत. इकडे अहेरीला माझी शाळा सकाळची झाली. पुस्तकात 'आमचा तलाव' असा धडा आहे. तो मी दोनदा पुढे ढकलला. मुलींनी विचारलं, बाई, हा धडा का नाही घेत? मी म्हटलं, खडू संपला आहे.

वहिनी, हे पत्र भाऊला तूच वाचून दाखवणार. बांधावर पाटी घेऊन मी तुला अक्षरं शिकवत होते, तेव्हा जड शब्द आला की तू तो गिळून पुढे जायचीस आणि वर हसायचीस. ह्या पत्रात काही गिळू नको. काही वाक्यं तुला भाऊसमोर वाचावीशी वाटणार नाहीत. तरी वाच.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला कार्ड टाकलं. त्यात 'बाकी सर्व ठीक' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. कार्ड पेटीत पडल्यावर मी फटीतून बोटं घालून ते परत निघतं का पाहिलं. पोस्टमास्तर म्हणाले, "काय हरवलं बाई?" मी म्हटलं, काही नाही. म्हणजे एका कार्डापायी दोन वेळा खोटं बोलले.

भाऊ, नागपूरच्या बोकारे सरांचं माझ्याकडे काय काम आहे, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. वैनगंगेपासून खाली प्राणहितेपर्यंत पाणमांजरं पूर्वी कुठे कुठे होती आणि आता कुठे उरली, हे ते लिहून ठेवत आहेत. मासेमार ढिवराच्या घरची आणि लिहिता-वाचता येणारी, म्हणून त्यांनी मला घेतलं. रविवारी आणि सुटीत मी गावोगाव जायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, काठावरची पावलं नि विष्ठा पाहायची आणि छापील तक्त्यात भरायचं. पूर्वी किती, आता किती, घट झाली असल्यास कारण.

तेवीस ठिकाणं मी पाहिली. पूर्वीच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'होती' आहे. आताच्या रकान्यात सहा ठिकाणं सोडली तर शून्य. मुलचेऱ्याकडे बुधरी नावाची एक म्हातारी भेटली. मी विचारलं, ह्या डोहात पाणमांजरं होती का? म्हणाली, "होते ना माय. माह्या लगनात वराती संगं पोहत होते." मग कुठे गेली? "मले सांगून गेले का?" आम्ही दोघी हसलो. परत येताना मला वाटलं, मला कुठल्याच गावात ह्याहून खरं उत्तर मिळालं नाही. कुणी त्यांना जाताना पाहिलंच नव्हतं.

आपल्या आंबेझरीच्या तलावात सात होती. चार मोठी, तीन पिल्लं. जानेवारीत बाबांनी मला दुरून ती जागा दाखवली, जांभळीच्या मुळांतली. तुला ठाऊकच आहे, बाबा त्या बाजूला कधी जाळं टाकत नाहीत. "तो कोपरा त्याइचा," एवढंच म्हणतात. सरांना मी हे कळवलं तेव्हा त्यांचं उलट टपाली पत्र आलं. लिहिलं होतं की पिल्लांसकट एवढं मोठं कुटुंब त्यांना कुठेच मिळालेलं नाही, आणि हा तलाव राखून ठेवावा अशी शिफारस ते सरकारकडे करणार आहेत. खाली रेघ मारून एक सूचना होती. नेमकी जागा नकाशावर दाखवा, नकाशा पेटीत ठेवा, कुणालाही सांगू नका.

ती रेघ मी रोज पाहत होते, भाऊ. पेटीला मी दोन कुलपं लावली होती.

मग होळीनंतर, सगळ्या गावानं मिळून तलावात मोठं जाळं ओढायची, ती ओढ आली. तूही खाणीवरून सुटी काढून आला होतास. ओढीचे म्होरके म्हणून बापूजी बांधावर उभे राहिले आणि नेहमीसारखं म्हणाले, "कोनाले पान्याचं काई ठाव असन तं आताच सांगा बाप्पा. मंग जाळं फाटल्यावर रडू नोका." कोलूनं बुडालेल्या बांबूच्या खुंट्या सांगितल्या. कुणी काटेरी झुडूप सांगितलं. मी आईच्या मागे उभी होते. रुखमाकाकू म्हणाली, "मास्तरीनबाईले इचारा ना! महिनाभर बगळ्यावानी काठावर बसून होती. का आमाले सांगाले बी नागपूरची परवानगी लागते?" सगळे हसले.

पाणी सांगायचं असतं, हे आपण चालायला लागल्यापासून ऐकलं. जो लपवतो त्याला त्या ओढीत उभं राहू देत नाहीत. ज्या वर्षी गावातल्या दादाजीनं पाण्यात मगर असल्याचं लपवलं, त्या वर्षी त्याच्या घरच्यांशी कुणी बोललं नाही. सरांची रेघ एकीकडे आणि बापूजी एकीकडे. मी बोलले. "जांभळीखाली पानमांजर हायेत. पिल्लं हायेत. तिकडं जाळं नोका नेऊ." बापूजी म्हणाले, "बरं झालं सांगतलं." आणि जाळं त्या कोपऱ्याला वळसा घालून नेलं. तू पाहिलंस. कुणी एक दगडसुद्धा मारला नाही.

इथपर्यंतचं मी गेले पाच आठवडे स्वतःला रोज सांगते आहे. रीत होती, म्हणून सांगितलं. पुढचं सांगत नाही.

तुझा राग मला कळत होता. अख्खा पावसाळा बसून तू जे जाळं विणलंस, ते मागच्या वर्षी पाणमांजरांनी एका सकाळी फाडलं. तू बाबांकडे गेलास तर बाबा म्हणाले, "त्याइच्या कोपऱ्यात कायले गेला?" त्यानंतरच तू खाणीवर गेलास. जमिनीखाली अंधारात काम करायला पाण्यातला माणूस का जातो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

ओढीच्या संध्याकाळी आई भात वाढत होती. बाबा बाहेर जाळं वाळत घालत होते. तू सहज विचारलंस, "गोकुळा, बिळाले तोंड एकच हाये का?" मी म्हटलं, दोन आहेत. एक पाण्याखाली, ते बाबांना ठाऊक आहे. दुसरं वर, जांभळीपासून बारा पावलांवर, घाणेरीच्या झुडपात. ते शोधायला मला नऊ सकाळी लागल्या. "बाबाले नाई मालूम?" नाही म्हटलं. तू आईला म्हणालास, "पाय व माय, जे बाबाले नाई दिसलं ते माह्या बहिनीले दिसलं. शायनी हाये." मला इतकं बरं वाटलं की झुडूप कुठलं तेही मी सांगितलं.

वरचं तोंड पाण्यात नव्हतं, भाऊ. त्यानं कुणाचं जाळं फाटणार नव्हतं. ते सांगण्याची कुठलीच रीत नव्हती. तू मला शहाणी म्हणालास म्हणून मी सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा कोपरा खणलेला होता. वरच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर केला होता, खालच्या तोंडाशी जाळं लावलं होतं. आईनं सांगितलं, आठवडी बाजारातला कातडीवाला तुझ्याबरोबर होता, आणि त्यानं तुला न कुजणाऱ्या सुताचं नवं जाळं दिलं. सातही गेली. पिल्लांची कातडी तो घेत नव्हता म्हणे, ती तिथेच पडली होती. बाबांनी ती पुरली.

मी पोचले तेव्हा तू निघायच्या तयारीत होतास. बाबांनी माझ्यादेखत तुला एकच विचारलं. "वरचं भोक कोनं सांगतलं तुले?"

मी दारात उभी होते. माझ्या हातात शाळेची पिशवी होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

तू म्हणालास, "मले दिसलं."

बाबा म्हणाले, "नजर चांगली हाये तुही. ह्या घरात नोको आनू आता."

तू गेलास. नवं जाळं खुंटीला राहिलं, अजून तिथेच आहे. बाबा त्याला हात लावत नाहीत. मी तुला थांबवायला बांधापर्यंतसुद्धा आले नाही, आणि अहेरीला येऊन तुला 'बाकी सर्व ठीक' लिहिलं. गाव बाबांचं नाव घेऊन म्हणतं, इस्तारीच्या लेकानं नासवलं आणि लेक बिचारी सरकारसाठी जपत होती. हे माझ्या कानावर येतं आणि मी गप्प राहते. तुझ्यावरचा राग माझा खरा होता. पण त्याच्या आड मी लपले होते.

ह्या सोमवारी सरांचं पत्र आलं. तक्ता महिनाअखेर हवा. आंबेझरीच्या आकड्यावर सगळी शिफारस उभी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. भाऊ, मी तुझ्यापासून लपवत नाही. मी जानेवारीचा सात तसाच ठेवायचा विचार केला. जानेवारीत सात होतीच, खोटं कसं? सर खूश होतील, तलाव राखला जाईल, तुझी चौकशी होणार नाही, मला कुणी काही विचारणार नाही. सरकार रिकामा कोपरा राखत बसेल, एवढंच. मी शाईत टाक बुडवून बराच वेळ बसले. मग आठवलं की शून्याच्या बाकी ठिकाणी ज्यांनी मला 'ठाऊक नाही' सांगितलं, त्यांच्यातही कुणीतरी असं बसलं असेल.

आताच्या रकान्यात शून्य लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कातडीसाठी बीळ खणले. बिळाचे दुसरे तोंड नोंद करणारीने, सूचना असताना, स्वतः सांगितले.' तुझं नाव लिहिलं नाही. ते माझ्या हाताने लिहिण्याचा हक्क मला वाटला नाही. सर आता मला काम देतील असं नाही. शाळेत कळलं तर काय होईल, तेही माहीत नाही. तक्ता गुरुवारी टाकला. ह्या वेळी फटीत बोटं घातली नाहीत.

काल घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते जाळं सांधत होते. मी सगळं बोलले, भात वाढण्यापासून. ते सुई चालवत राहिले. मग म्हणाले, "घनश्यामले ठाव होतं, तुहं नाव घेतलं तं मी तुलेच बोललो असतो?"

मी म्हटलं, हो.

"आन् तरी नाई घेतलं?"

"नाई."

सुई थांबली. ते म्हणाले, "सात जीव गेले. ते तं त्यानंच मारले." मी म्हटलं, हो बाबा. मग म्हणाले, "अखाजीच्या मागून ओढ हाये. त्याले लिह्य. ये म्हना. पन बांधावर उभं राहून पानी सांगा लागन. साऱ्याइसमोर. तुलेही."

आईनं तेव्हा चुलीकडे तोंड फिरवलं.

आज पहाटे इकडे निघण्याआधी मी बांधावर गेले. बाबा एकटेच छोटं जाळं टाकत होते. जांभळीपर्यंत आले आणि नेहमीसारखा वळसा घालून पुढे गेले. मी म्हटलं, बाबा, तिथे आता कुणी नाही. ते म्हणाले, "म्हनून का तो आपला झाला?"

भाऊ, ये. मी आधी बोलेन, तू माझ्यामागून बोल. रुखमाकाकू काय म्हणायचं ते म्हणेल. त्या ओढीत आपल्याला कदाचित उभं राहू देणार नाहीत. मग आपण दोघं बांधावर बसू.

वहिनी, इथपर्यंत वाचलंस ना? काही गाळलं असशील तर परत मागे जा.

वरचं तोंड सांगणारी,
तुझी धाकटी बहीण
गोकुळा