वाढीचं अंग

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही. कोकरांच्या पाठीवरून फिरणारी बोटं मात्र आठवतात. मी सध्या पशुखाद्याच्या कंपनीत आहे. मटणासाठी वाढवायच्या कोकरांना किती दाणा, किती पेंड, किती चारा, हे मेंढीवाल्यांना सांगायचं माझं काम. पंख्याखाली बसून पगार मिळतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ह्यात शिकायचं काय होतं? आणि खरंच, निम्मं तर मी दिघ्यात, आपल्या खोलीमागच्या पत्र्याच्या आडोशातच शिकले.

तुम्ही तेव्हा वाशीच्या दाणाबाजारात हमाली करायचात. त्या वर्षी गावाहून तीन कोकरं आणलीत, आईचं दूध नुकतंच तुटलेली. चैत्रातल्या यात्रेला घरची कोकरं न्यायची, मुंबईला गेलेला माणूस हात हलवत आला असं भावकीनं म्हणायला नको, एवढाच तुमचा हट्ट. आईनं भाजीबाजारात फेकून दिलेला कोबीचा पाला गोळा करून आणला. कोकरं दिवसभर खात राहिली, पोटं टम्म झाली, आई खूश. तुम्ही एकाच्या पाठीवर बोटं दाबलीत आणि नुसती मान हलवलीत. कणा टोचत होता. पाल्यात पाणीच जास्त, त्यानं पोट भरतं, अंग भरत नाही, असं तुमचं म्हणणं. मग कडब्याची कुट्टी आली, पोत्यांतून सांडलेला मका आला, शेंगदाण्याची पेंड आली. मका ताकदीला, पेंड मांस धरायला. तेही मूठमूठ वाढवत, कारण एकदम दाणा पडला तर पोट आंबतं आणि कोकरू आडवं होतं. हेच मी आज ऊर्जा आणि प्रथिनं असे शब्द घालून सांगते, आणि लोक गंभीर चेहऱ्यानं ऐकतात.

पेंड लवकर संपायला लागली तेव्हा तुम्ही आधी घुशींवर संशय घेतलात, मग शेजारच्या कोंबड्यांवर. घूस मीच होते. मी आठवीत, उंची भराभर वाढतेय, आणि भूक अशी की वर्गात फळ्याकडे बघितलं तरी भाकरी दिसायची. आपल्याकडे आधी तुम्ही आणि दादा जेवायचात, मग आई आणि मी. तोवर पातेल्यात नुसता रस्सा राहिलेला असायचा आणि टोपलीत एखाददुसरी भाकरी. तुम्ही हात धुऊन बाहेर गेलेले असायचात, त्यामुळे तुम्हाला ते कधी दिसलंच नाही. पेंडीचा तुकडा मिठाला लावून चघळला की बरं वाटायचं. चव वाईट नसते, खोटं कशाला सांगू.

आणि मग एका रविवारी तुम्ही आडोशाच्या दारात उभे आहात, माझं तोंड भरलेलं आहे. थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटते. तुम्ही जवळ येता आणि ड्रेसवरून माझ्या पाठीवर बोटं दाबता, कोकराच्या दाबता तशीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय जनावर आहोत का, असा रागही आला. तुम्ही तसेच घरात गेलात आणि आईला विचारलंत, हिच्या ताटात काय पडतं? आई म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते, मीपण तेच खाते.

"वाढीचं अंग हाय तिचं," तुम्ही म्हणालात. "आजपासनं ती माझ्यासंगं बसंल."

आई बिथरली. "मी काय उपाशी मारती व्हय पोरीला?" म्हणाली आणि दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. पण मी पहिल्या पंगतीत बसले ती बसलेच. दादाच्या ताटात जे पडेल ते माझ्या ताटात. शाळेत मुली म्हणायला लागल्या, कसली जाड झालीस गं. कोकरं यात्रेला गेली, कापली गेली, भावकीनं मटणाचं कौतुक केलं. मला त्यांचं वाईट वाटलं नाही, मीही पोटभर खाल्लं.

आमच्या कामात खुराकाचे दोन वाटे धरतात. एक नुसता जीव जगवण्यापुरता, दुसरा वाढीचा. पहिला भागला तरच दुसरा अंगी लागतो. हे कुणाला समजावताना मला आई आठवते. तुम्ही मला उचलून पहिल्या पंगतीत बसवलंत, आणि ती एकटीच मागं राहिली. तिचं वाढीचं अंग नव्हतं, म्हणून जगण्यापुरतं चाललं. ते तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी जेवत होते.

काल लेक म्हणाली, आई, तूपण बस ना आमच्याबरोबर. तिचं ताट मी सगळ्यांच्या आधी वाढते, त्यात कधी चूक होत नाही. मी म्हटलं, तुमचं होऊ दे. मग सगळे उठल्यावर ओट्यापाशी उभ्यानंच रस्सा आणि पोळी खाल्ली. हे तुम्हाला कळवायची काही सोय नाही, ते एक बरं आहे. कारण तुम्ही विचारलं असतंत, आणि मला सांगावं लागलं असतं की आबा, मी आता परत शेवटीच जेवते.